फणसाचा गाठाळ ओंडका सरपणात घालू नका

प्रश्न : आमच्या घरामागे सासूबाईंच्या सासऱ्यांनी लावलेला फणस होता. यंदा मृगाच्या पहिल्याच वादळात तो मुळासकट आडवा झाला. सरळ भाग फळ्या काढायला वखारीत गेला, पण बुंध्याचा साधारण चार फुटांचा तुकडा वखारवाला घेईना. त्याच्या एका अंगाला मोठी गाठ आहे, गाठीच्या मागे आतपर्यंत हात जाईल एवढी ढोली आहे आणि वरच्या टोकाला बेचकं आहे. ‘याची फळी निघत नाही, सरपणाला घ्या,’ असं तो म्हणाला. सासूबाईंचा जीव त्या झाडात आहे. या तुकड्याचं घरात मांडून ठेवण्यासारखं एखादं मोठं भांडं होईल का? कोण करून देईल? टोकांना बारीक भेगा दिसायला लागल्यात. जाऊबाई म्हणतात, वर्षभर अंगणात वाळू दे, मग बघू.
— एक वाचक, आजरा

उत्तर : ताई, जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, पण एवढा एक सल्ला त्यांचा मानू नका. ओंडका अख्खा ठेवलात तर दिवाळीपर्यंत त्यात बोट जाईल एवढा तडा पडेल. तो गाठीतून जाणार की बेचक्यातून, हे मग आपल्या हातात राहणार नाही. भांडं नक्की होईल. एक नव्हे, दोन होतील. वखारवाल्याला सरळ रेषेची फळी हवी असते, त्याच्या हिशेबानं तो बरोबर बोलला. पण गाठ, बेचकं आणि ढोली या ज्या तीन गोष्टींपायी त्यानं तुकडा नाकारला, त्याच तीन गोष्टी शोधत लेथवाला, म्हणजे यंत्रावर लाकूड गोल फिरवून कातणारा माणूस वखारी पालथ्या घालतो.

तडा का पडतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य काढलं. इंजिनाचा किंवा उसाच्या चरकाचा भाग बिडात (ओतीव लोखंडात) ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करायचो. बीड थंड होताना फुटाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) आकसतं, आणि सगळ्या अंगांनी सारखं आकसतं. त्यामुळे पॅटर्नवाल्याची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. लाकडासाठी अशी पट्टी कुणी करू शकत नाही. लाकडातलं पाणी ३० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत ते मापानं हलत नाही. त्याच्या खाली गेलं की आकसायला लागतं, पण प्रत्येक अंगानं वेगळं. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं. आणि वर्षाच्या कड्यांच्या अंगानं, म्हणजे गोल फिरताना, त्याच्या साधारण दुप्पट. बाहेरचं कडं लहान व्हायला बघतं आणि आतला भाग त्याला लहान होऊ देत नाही, मग ते फाटतं. गाभा ओंडक्याच्या पोटात आहे तोवर हे चुकत नाही. गाभ्यातून उभा चिरून दोन भाग केले की प्रत्येक भागाला आकसायला वाट मिळते.

तर या आठवड्यातलं काम असं. ओंडका उन्हातून उचलून पडवीत घ्या, खाली दोन वासे घालून जमिनीपासून वर ठेवा. दोन्ही टोकांचा भेगाळलेला भाग कापून टाका. बेचक्याकडच्या टोकाला फांद्यांच्या थोटकांतच काप घ्या, बेचक्याला करवत लागू देऊ नका. भाग कापला म्हणजे भेग संपली असं नसतं. मग दोन सुताची पातळ चकती काढा आणि दोन्ही हातांनी हलकेच वाकवा. डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर तिथेच ती उघडते. उघडली तर आणखी इंचभर आत जा, पुन्हा चकती काढून बघा. चकती अखंड राहिली की लगेच, त्याच दिवशी, त्या तोंडावर वितळवलेलं मेण ब्रशनं लावा. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडेही चालतात. नाहीच मिळालं तर घट्ट ऑइल पेंटचे दोन हात द्या. टोकांमधून पाणी सालीच्या कितीतरी पट वेगानं उडतं, ती तोंडं बंद केली की निम्मं काम झालं.

घरामागचं जुनं झाड आहे, म्हणून आणखी एक विनंती. त्यात कपडे वाळत घालायची तार, कंदिलाचा खिळा, कुणा लेकराच्या पाळण्याचा हूक असा काही ऐवज नक्की असणार. झाड खिळा गिळतं आणि वर नवं लाकूड चढवतं, बाहेरून काही कळत नाही. सासूबाईंना विचारा, दोरी कुठे बांधायचे ते त्यांना आठवत असेल. कापलेल्या तोंडावर काळा-निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं धरून चाला. सॉ मिलवाला तुमच्यावर खूश राहील आणि लेथवाल्याचा डोळाही वाचेल.

आता चिरायचं कसं. सॉ मिलवर ‘मधून दोन भाग करा’ एवढंच सांगून येऊ नका. स्वतः उभ्या राहा, खडूनं रेघ मारून द्या. बेचक्याच्या दोन्ही फांद्यांचे गाभे वरच्या टोकाला दोन ठिपक्यांसारखे दिसतील. करवतीची पात दोन्ही ठिपक्यांतून जाईल अशी रेघ हवी. एका ठिपक्यातून गेली आणि दुसरा राहिला तर जे बघायचं ते दिसणार नाही. मी एकदा फणसाचं असं बेचकं उद्यमनगराजवळच्या मिलवर चिरून घेतलं होतं. दोन अर्धी वेगळी झाली तेव्हा आधी नुसता ओला पिवळा भुसा दिसला. मिलवरच्या पोरानं पाण्याचा तांब्या घेतला आणि त्या तोंडावर ओतला. भुसा वाहून गेला आणि खालून मोरपीस वर आलं. दोन फांद्यांच्या मधल्या जागेत लाकडाचे तंतू एकमेकांत दाबले जाऊन वळतात, त्यांची ती रेषा. मिलवरची माणसं काम थांबवून बघायला आली. त्यांनी त्या दिवसापर्यंत असली बेचकी भट्टीत पाठवली होती.

ही रेषा खोलवर नसते, त्या चिरलेल्या तोंडालगतच्या इंच-दोन इंचांतच असते. म्हणून बेचक्याचा खोल वाडगा करू नका. केलात तर सगळं पीस ढलप्यांत जाईल. त्याची उथळ, पसरट परात करायची, खोली दोन इंचांच्या आत. गाभ्याची रेघ तेवढी पाव-अर्धा इंच छिलून काढायची, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

खोल भांडं होईल ते गाठीचं. झाडाला कुठे इजा झाली, कीड लागली किंवा अजून काही त्रास झाला की एखाद्या जागी शेकडो झोपलेले डोळे (न फुटलेले कोंब) एकदम जागे होतात आणि फुटायला वाट न मिळाल्यामुळे आतल्या आत वाढत राहतात. ती गाठ. आतलं लाकूड कुठल्याच एका दिशेनं जात नाही, सगळीकडे बारीक डोळे आणि भोवरे. फळीला ते नालायक, पण भांड्याला त्यासारखं दुसरं लाकूड नाही. दिशाच नसल्यामुळे ते त्यातल्या त्यात सगळीकडून सारखं आकसतं आणि सहसा तडकत नाही.

आणि तुमची ढोली गाठीच्या मागेच आहे, हे तर फारच चांगलं झालं. बहुतेक जण गाठीच्या फुगीर बाजूला भांड्याचं तोंड करतात. आपण उलटं करू. ढोलीच्या बाजूला तोंड आणि गाठीच्या फुगीर बाजूला बूड. भांडं पोकळ करताना जे लाकूड काढून टाकावंच लागतं ते झाडानं आधीच काढून ठेवलंय. गाठीचं सगळं लाकूड भांड्याच्या पोटाला येईल, जिथे ते चारी बाजूंनी दिसेल. ढोली बरोबर मधोमध नसेल, काठ एका बाजूला तुटका येईल. तसाच राहू द्या. ढोलीच्या कडेचं भुसभुशीत लाकूड खरवडून टणक लाकूड लागेपर्यंत जायचं आणि थांबायचं. हल्ली अशा जागी निळं-हिरवं रेझिन ओतून काठ पुरा करायची टूम निघाली आहे. माझी हात जोडून विनंती आहे, ते करू नका. त्या ढोलीत पोपट राहिले असतील, सासूबाईंनी ते पाहिले असतील. त्या जागी प्लास्टिक कशाला?

कोण करून देईल? लाटणी, खाटेचे पाय करणाऱ्या कातारी लोकांचा हात उत्तम असतो, पण त्यांचा लेथ बहुधा दोन टोकांमध्ये लांब लाकूड धरण्यासाठी असतो. पंधरा इंचांचा गड्डा त्यात फिरायला जागा नसते. ओल्या फणसाचा एवढा गड्डा वीस किलोच्या घरात जातो. तुम्ही पॅटर्नशॉप गाठा. जुन्या पॅटर्न लेथला हेडच्या (लाकूड फिरवणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या बाजूलाही फेसप्लेट (लाकूड बसवायची तबकडी) लावता येते, टूल टेकवायला जमिनीवर वेगळा स्टँड असतो. मोठ्या चाकांचे पॅटर्न तिथेच होतात, तुमचं भांडंही होईल. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत विचारा. काम कमी झालेलं असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी वयस्कर मेस्त्री आनंदानं वेळ देतील.

मेस्त्रींना दोन गोष्टी आवर्जून सांगा, कारण पॅटर्नवाल्याला वाळलेल्या सागवानाची सवय असते, ओल्या लाकडाची नसते. पहिली म्हणजे काम दोन टप्प्यांत करायचं. आत्ता ओलं असताना फक्त जाडजूड आकार काढायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवायची. पंधरा इंचांचं भांडं तर भिंत दीड इंच. ओला फणस कातताना बघायला जरूर थांबा. पटाशीवरून पिवळ्याधमक लांब सळसळत्या पट्ट्या सुटतात आणि पाण्याचा बारीक फवारा सदऱ्यावर येतो. सालीलगत चीक असेल, पटाशीला खोबरेल लावून पुसत राहायचं. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जायचं आणि आतून काठाकडून बुडाकडे, म्हणजे तंतू उचकटत नाहीत. गाठीत मात्र दिशा नसल्यानं हा नियम फारसा कामाला येत नाही. तिथे धार ताजी आणि हात हलका, एवढंच.

कच्चं भांडं घरी आणा. बाहेरून मेणाचा हात द्या, त्याच्याच ढलप्यांत पुरून एका कागदी पिशवीत किंवा पोत्यात कपाटाखाली ठेवून द्या. ठेवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि तारखेसह पेन्सिलीनं भांड्यावरच लिहा. दर महिन्याला वजन करा, खाली खाली लिहीत जा. ढलप्यांना बुरशी आली तर त्या बदला. आजऱ्याचा पाऊस लक्षात घेता पावसाळ्यात वजन उतरणारच नाही, उलट थोडं वाढेलही. त्याला वाळणं म्हणू नका. हिवाळ्यात झपाट्यानं उतरेल, मग सावकाश होईल, आणि चैत्राच्या पुढे कधीतरी लागोपाठ दोन-तीन महिने आकडा तोच राहील. तेव्हा ते पुन्हा मेस्त्रींकडे न्या. गोल दिलेलं भांडं लंबगोल झालेलं दिसेल. घाबरू नका, त्यासाठीच ती दीड इंचाची भिंत ठेवलेली असते. आता ते पुन्हा गोल करून अर्ध्या इंचाच्या आत आणायचं.

बाजारात भेग थांबवायची रसायनंही मिळतात, त्यांत पॉलिइथिलीन ग्लायकॉल खरोखर काम करतं. अमेरिकेत अटलांटाचे एड मोल्थ्रॉप यांनी प्रचंड मोठ्या ओंडक्यांची भांडी याच रसायनात महिनोन्‌महिने बुडवून टिकवली. स्टॉकहोमजवळ १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ साली वर काढल्यावर त्यावरही वर्षानुवर्षं हेच फवारलं. पण ते लाकडात कायम राहतं, हवेतलं पाणी ओढत राहतं, वर तेल नीट बसत नाही. एका भांड्यासाठी त्या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे एक वर्ष आहे आणि ढलप्या फुकट आहेत.

शेवटचा हात बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवस तेलाचा द्या. पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, दोन दिवस थांबून पुन्हा. तीन-चार हात पुरे. पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल सुकताना तापतं आणि अशा बोळ्यांनी खरोखर आगी लागल्या आहेत. फडकी दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. रंगाबद्दल सासूबाईंना आधीच कल्पना द्या. आज हळदी रंगाचं असलेलं हे लाकूड उजेडानं हळूहळू तपकिरी होत जाईल. तो पिवळा रंग अस्सल आहे, श्रीलंकेत आणि म्यानमारमध्ये भिक्खूंची चीवरं फणसाच्या ढलप्या उकळून रंगवत. पण लाकडावर तो टिकत नाही, आणि मला तरी ते तपकिरी रूपच जास्त आवडतं.

एक राहिलं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, फणस आहे. झाड वाऱ्यानं पडलेलं असलं तरी ओंडका टेम्पोत घालून कोल्हापूरला आणायच्या आधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा, लागेल तो कागद घ्या. पडलेल्या झाडाचे फोटो जपून ठेवा.

प्रश्न : सोसायटीतल्या आंब्याची मोठी फांदी गेल्या वर्षी पडली. तिचा एक तुकडा मी गच्चीवर ठेवला होता. आता कापून बघितला तर आत काळ्या रेघा आहेत, शाईच्या पेनानं नकाशा काढल्यासारख्या. मधले भाग पांढुरके झालेत. हे लाकूड खराब झालं का? मी घरीच छोट्या लेथवर वाडगे करतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : खराब व्हायला लागलंय, आणि नेमक्या वेळी तुम्ही ते कापलंत. आंब्यात बुरशी फार लवकर शिरते. एकाच लाकडात बुरशीच्या वेगवेगळ्या वसाहती वाढतात, आणि जिथे दोघींच्या हद्दी भिडतात तिथे त्या आपापल्या बचावासाठी काळा थर घालतात. तुम्हाला दिसणाऱ्या रेघा म्हणजे त्या हद्दी आहेत. पांढुरक्या भागात बुरशीनं लाकडातला रंग आणि बळ दोन्ही खाल्लंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी अशा लाकडाची भांडी नावारूपाला आणली. तोवर तिथेही ते जाळत होते. आपल्याकडे आंबा म्हणजे खोकी आणि पॅकिंग असं समीकरण झालंय, त्यामुळे अशा रेघा असलेलं लाकूड वखारीत अजूनही सरपणाच्या भावानं पडलेलं असतं. माझ्या मते आंब्याला यापेक्षा देखणं रूप नाही.

अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुततं तिथे लाकूड गेलं. तो भाग भांड्याच्या भिंतीत येऊ देऊ नका, फिरताना उडून जाईल. नख रुतत नाही पण करकरतं, अशा जागी पातळ फेविक्विक जिरवा किंवा पातळ केलेल्या चपड्या लाखेचे दोन-तीन हात द्या, सुकू द्या, मग काता. टणक आणि मऊ भाग शेजारी शेजारी असल्यामुळे पॉलिश पेपर जास्त घासलात तर मऊ जागी खळगे पडतात. शेवटचा काप ताज्या धारेनं घ्या आणि पेपर कमीत कमी वापरा. बुरशी पुढे वाढू नये म्हणून तुकडा आता गच्चीवरून उचलून कोरड्या, वारा खेळत्या जागी आणा. लाकूड वाळलं की ती थांबते.

मास्क मात्र हवाच, तोही कापडी नव्हे. बुरशीच्या लाकडाची धूळ आणि बीजाणू फुप्फुसाला वाईट. घरात दम्याचा कुणी असेल तर हे काम खोलीत करूच नका. आणि पुढच्या वेळी झाडाची फांदी उतरवायची असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्यानं. पडलेलीही कळवलेली बरी.

प्रश्न : आमच्या बागेच्या हद्दीवर बिब्ब्याचं झाड वठलंय. लाकडाला आतून छान छटा आहेत. त्याची फुलदाणी करावी म्हणतो.
— एक वाचक, देवरुख

उत्तर : करू नका. बिब्ब्याच्या फळातला चीक अंगाला लागला की काय होतं ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. परीट त्याच काळ्या रसानं कपड्यांवर खुणा करायचे, त्या कधी गेल्या नाहीत. तो रस सालीत आणि लाकडातही असतो. लेथवर त्याच्या ढलप्या चेहऱ्यावर, मानेवर, सदऱ्याच्या आत उडतील, धूळ डोळ्यांत आणि नाकात जाईल. जुने लाकूडतोडेसुद्धा हे झाड उभं वाळवल्याशिवाय त्याला हात लावत नसत. जाळूही नका, धूर बाधतो. झाड वठलेलं असलं तरी उभं राहू द्या, सुतारपक्ष्यांना उपयोगी पडेल. फुलदाणी हवीच असेल तर तुमच्या भागात काकड, ऐन, किंजळ काय कमी आहे? फक्त फणसाच्या उत्तरात सांगितलेल्या अनुसूचीत ऐन आणि किंजळही आहेत, तेवढं बघा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यावं असं सांगतात. आमच्या शेतात बिवळ्याची पडलेली फांदी आहे, त्याचा पेला गावच्या कातारीकडून करून घेऊ का?
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : पेला जरूर करून घ्या, औषध मात्र बंद करू नका. पाणी प्यायचं की नाही हे वडिलांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण चालू गोळ्यांबरोबर साखर फार उतरली तर तेही घातक असतं. मी पेल्यापुरतं बोलतो.

फांदीचा गाभा पेल्यात येता कामा नये. बाजारातले पुष्कळ पेले महिन्याभरात तडकतात ते याच कारणानं, आख्खी फांदी पोखरून केलेले असतात. फांदी निदान आठ इंचांची असेल तर ती उभी चिरा आणि गाभा सोडून एका बाजूच्या अर्ध्यातून पेला काढा. बारीक असेल तर सोडून द्या. पेल्याच्या बुडाला लाकडाच्या उभ्या नळ्या उघड्या पडतात, त्यांतून पाणी झिरपतं. म्हणून बूड भिंतीच्या दुपटीनं जाड ठेवायला सांगा. तेल, मेण, पॉलिश काहीही लावू नका. रोज वापरल्यावर उपडा घालून सावलीत ठेवा. मध्येच चार महिने कोरडा राहिला आणि मग एकदम पाणी भरलं तर फुटेल. सकाळी त्यातलं पिवळसर पाणी काचेच्या भांड्यात काढून उन्हात धरा, कडेनं निळी झाक दिसते. लहान मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

प्रश्न : मी आयटीआयला टर्नरचा ट्रेड करतो. लोखंडाचा लेथ चांगला येतो. त्यावर लाकूड लावून वाडगे केले तर चालतील का? पटाशी हातात धरायची भीती वाटते.
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : बाळा, भीती वाटते हे चांगलं आहे, ती थोडी राहू दे. कॉलेजच्या लोखंडी लेथवर लाकूड लावू नकोस. लाकडाची धूळ बेडवरचं तेल पिऊन टाकते, तो लगदा स्लाइडखाली जातो आणि मशीन झिजतं. शिवाय टूलपोस्टमध्ये टूल घट्ट आवळून लाकडाचं खरं काम होत नाही. लोखंड सगळीकडे सारखं असतं, टूल एकदा लावलं की काम होतं. लाकूड प्रत्येक फेऱ्यात दोनदा उलटतं. वाडग्यासाठी आडवा धरलेला गड्डा एक पाव फेरा तंतूंच्या बाजूनं येतो, पुढचा पाव फेरा तंतूंच्या विरुद्ध. ते हाताला कळावं लागतं, म्हणून पटाशी हातात.

पटाशी टेकूवर ठेव, आणि धार लाकडाला टेकवायच्या आधी धारेमागचा उतार लाकडाला नुसता घासू दे. काही कापलं जात नाही. मग मूठ हळूहळू वर उचल. एका क्षणी पातळ पट्टी सुटायला लागेल. तीच जागा. मूठ आधी उचलून धार थेट लाकडात घातलीस तर पटाशी खेचली जाते, आणि बहुतेक अपघात असेच होतात. वेगाचा ढोबळ हिशेब असा : इंचातला व्यास गुणिले फेरे सहा हजार ते नऊ हजारांच्या मध्ये ठेवायचे. दहा इंचांचा वाडगा असेल तर सहाशेच्या आसपास सुरू कर. गड्डा वेडावाकडा असेल तर त्याहून खूप खाली, मशीन थरथरायचं थांबेपर्यंत. चालू करताना गड्ड्याच्या रेषेत उभा राहू नकोस, बाजूला राहा. तोंडावर पूर्ण चेहऱ्याची ढाल, चष्मा पुरत नाही. बाह्या वर, मनगटावरचा गंडा-दोरा काढून खिशात, कानात इअरफोनची वायर नको.

आणि वाडग्यापासून सुरुवात करू नकोस. आधी बाभळीचं लाटणं कर. दोन टोकांमध्ये धरलेल्या लाकडात तंतू लांबीत जातात, त्यामुळे जाड भागाकडून बारीक भागाकडे कापायचं, वाडग्याच्या बाहेरच्या बाजूला याच्या उलट. हा फरक दोन-चार लाटणी केल्याशिवाय अंगात बसत नाही. कॅलिपर तुला येतोच. मधला भाग सगळीकडे एकाच मापाचा आला की ते लाटणं आईला वापरायला दे आणि तिला विचार, पोळी कुठे अडकते का. ज्या जागी अडकते म्हणेल तिथे कॅलिपर पुन्हा लावून बघ.